आयसीयूतला डिलिरियम मेलाटोनिनने टळतो का?

मोठं ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं, रक्तदाब ठीक असतो, ताप उतरलेला असतो, आणि तिसऱ्या दिवशी आयसीयूतला माणूस स्वतःच्या मुलीला ओळखत नाही. भिंतीवर किडे चढताहेत म्हणतो, हाताची सलाइन उपसायला जातो, सिस्टर आपल्याला मारायला टपल्या आहेत असं शपथेवर सांगतो. दोन तासांनी तोच माणूस शांतपणे नाव-गाव सांगतो आणि रात्री पुन्हा तेच सुरू होतं. बाहेर बसलेल्या घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. डोक्यावर परिणाम झाला का? औषध चुकलं का? आता हे असंच राहणार का?

या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. आयसीयूत तो इतका सर्रास होतो की तो आधीच टाळता यावा म्हणून डॉक्टर अनेक वर्षं धडपडत आहेत. या धडपडीत मेलाटोनिनचं नाव सतत पुढे येतं. झोपेशी संबंधित, शरीरात आपोआप तयार होणारं, फारसे दुष्परिणाम नसलेलं हे रसायन रोज रात्री दिलं तर रुग्ण झोपेल, आणि झोपला तर त्याचं भान टिकेल, असा हा विचार. ऐकताक्षणी पटतो. पण पटणं आणि खरं ठरणं यात किती अंतर असू शकतं, हे या गोळीच्या बाबतीत फार नीट दिसतं.

डिलिरियम म्हणजे काय, आणि काय नाही

शरीरावर मोठा ताण आला की मेंदूचं काम अचानक विस्कटतं, तो डिलिरियम. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो सुरू होतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. त्याची मुख्य खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. बडबड, भास, संशय ही वरवर दिसणारी लक्षणं. आत घडतं ते असं की माणसाला एका गोष्टीवर चित्त ठेवता येत नाही, त्यामुळे समोर काय चाललंय याचा अर्थ लागत नाही, आणि मग मेंदू हाताशी असलेल्या तुकड्यांतून स्वतःच काहीतरी अर्थ लावून मोकळा होतो. घशातली नळी काढू नये म्हणून हात पट्ट्याने बांधले असतील, तर आपल्याला पळवून आणून डांबून ठेवलंय असं त्याला मनापासून वाटतं. त्याच्या जागी राहून पाहिलं तर ते अगदीच निराधारही नसतं.

विस्मरणाचा आजार महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. डिलिरियम अचानक येतो आणि मूळ कारण दूर झालं की बहुतेकदा ओसरतो. हा मानसिक आजारही नाही, आणि रुग्णाचा स्वभाव किंवा मनाचा कमकुवतपणा तर मुळीच नाही. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, सोडियमची घसरण, किडनी किंवा लिव्हर नीट न चालणं, न शमलेल्या वेदना, तुंबलेली लघवी, अचानक बंद झालेली दारू, आणि गुंगीची काही औषधं, यातलं काहीही त्याला निमित्त होतं. बहुतेक वेळा एकच कारण नसतं, तीन-चार एकत्र आलेली असतात. वय जास्त असेल, स्मरणशक्ती आधीच कमी झाली असेल, नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल, तर धोका आणखी वाढतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. डिलिरियमचा रुग्ण आरडाओरडा करेलच असं नाही. आयसीयूत अनेकदा दिसतो तो डिलिरियमचा गप्प प्रकार. माणूस निपचित पडून राहतो, छताकडे बघतो, विचारलं तर उशिरा आणि एखाद्या शब्दात उत्तर देतो. ‘आज शांत आहेत, त्रास देत नाहीत’ असं सगळ्यांना वाटतं आणि निदान राहून जातं. ओरडणाऱ्या रुग्णाकडे लक्ष जातंच, या गप्प रुग्णाकडे ते मुद्दाम द्यावं लागतं.

मग तो ओळखतात कसा?

रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये डिलिरियम दिसत नाही. तो खाटेशेजारी उभं राहून ओळखावा लागतो. त्यासाठी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले डॉ. वेस्ली एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक छोटी चाचणी मांडली. कॅम-आयसीयू या नावाने ती आज जगभर वापरली जाते. घशात नळी असल्यामुळे बोलता न येणाऱ्या रुग्णावरही ती करता येते, हे तिचं मोठेपण.

नर्स रुग्णाचा हात हातात घेते आणि सांगते, ‘मी दहा अक्षरं म्हणणार आहे. ए हे अक्षर ऐकलं की माझा हात दाबा.’ मग ती एकेक अक्षर सावकाश म्हणते. रुग्ण ए आल्यावर दाबायचं विसरतो किंवा भलत्याच अक्षराला दाबतो. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं धरतात. त्यानंतर हो-नाहीचे प्रश्न येतात. दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? हातोडीने खिळा ठोकता येतो का? आयुष्यभर हिशेब सांभाळलेला माणूस दगड तरंगतो म्हणून मान डोलावतो, तेव्हा समोरच्या नातेवाइकाच्या पोटात गोळा येतो. पण ही चाचणी हुशारी मोजायला नसते. मेंदू या क्षणी किती थकला आहे, एवढंच तिच्यातून कळतं, आणि संध्याकाळी तीच उत्तरं बरोबरही येऊ शकतात. म्हणून ती दिवसातून एकदा करून भागत नाही.

चार दिवसांचा गोंधळ, त्याची एवढी धास्ती कशाला?

पूर्वी डॉक्टरही असंच म्हणायचे. आयसीयूत माणूस थोडा भरकटणारच, जीव वाचला हे महत्त्वाचं. हा समज बदलला तो मुख्यतः २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रेन-आयसीयू या अभ्यासामुळे. त्यात श्वसन किंवा रक्ताभिसरण कोलमडल्यामुळे आयसीयूत दाखल झालेल्या ८२१ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. त्यातल्या ७४ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. तीन महिन्यांनी वाचलेल्यांची बौद्धिक चाचणी घेतली, तेव्हा ४० टक्के लोकांचे गुण डोक्याला मध्यम दुखापत झालेल्या माणसाइतके खाली आलेले होते, आणि २६ टक्क्यांचे सौम्य अल्झायमरच्या रुग्णाइतके. यात तरुण माणसंही होती. वर्षभरानंतरही चित्र फारसं सुधारलेलं नव्हतं. आणि डिलिरियम जितका लांबला, तितके नंतरचे गुण कमी होते.

यावरून डिलिरियममुळेच नुकसान झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. जो जास्त आजारी, त्याला डिलिरियमही जास्त आणि नंतरचा त्रासही जास्त, असंही असू शकतं. संशोधकांनी आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही संबंध उरला, तरी शंकेला जागा राहतेच. पण घरी परतल्यावर ज्याला बिलं भरताना आकडे जुळत नाहीत, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते, त्याला आणि त्याच्या घरच्यांना ‘जीव वाचला ना’ एवढं सांगून वाटेला लावणं बरोबर नाही. हा त्रास आधीच टाळता येत असेल तर टाळायलाच हवा.

मेलाटोनिन शरीरात काय करतं

मेंदूच्या मध्यभागी पिनियल नावाची वाटाण्याहूनही लहान ग्रंथी आहे. अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडायला लागते. झोपायच्या साधारण दोन तास आधी त्याचं रक्तातलं प्रमाण वाढू लागतं, मध्यरात्रीनंतर ते सर्वांत जास्त असतं आणि पहाटे उतरतं. डोळ्यांवर उजेड पडला की स्रवणं थांबतं. हा सगळा कारभार चालवणारं शरीराचं मुख्य घड्याळ डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या वरच, मेंदूतल्या काही हजार पेशींच्या एका ठिपक्यात असतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गुरांच्या पिनियल ग्रंथींमधून हे रसायन पहिल्यांदा वेगळं केलं. लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होते आणि शोध घेत होते त्वचेच्या रंगाचा. झोपेशी असलेलं त्याचं नातं नंतर उलगडत गेलं.

मेलाटोनिन झोपेचं औषध आहे असं सरसकट म्हटलं जातं. तिथेच गफलत होते. झोपेची नेहमीची गोळी मेंदूला गुंगी आणते. मेलाटोनिन तसं जोर करून झोपवत नाही, ते फक्त शरीराला कळवतं की रात्र झाली. शाळा सुटल्याची घंटा वाजते तसंच हे. घंटा कुणाला हाताला धरून घरी सोडत नाही. एरवी घंटा झाली की मुलं आपसूक बाहेर पडतात, कारण दारं उघडी असतात आणि बाहेर वाट मोकळी असते. दारंच बंद असतील तर घंटा कितीही वेळ वाजवली तरी कुणी घरी पोचत नाही.

आयसीयूत रात्र होतच नाही

रात्री अकराला दिवे मंद होतात, पण विझत नाहीत. शेजारच्या खाटेचा अलार्म वाजतो, तो बंद होतो तोवर दुसरा सुरू होतो. बारा वाजता कूस बदलायला दोघं येतात. एकला रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळतो. दोनला घशातला कफ ओढून काढतात. चारच्या सुमारास रक्त घ्यायला येतात, कारण सकाळच्या राउंडला रिपोर्ट हातात हवे असतात. पाचला एक्स-रेसाठी पाठीखाली थंडगार प्लेट सरकवतात. जागतिक आरोग्य संघटनेने हॉस्पिटलच्या वॉर्डात रात्री ३० डेसिबलच्या आसपास आवाज असावा असं सुचवलं आहे. आयसीयूत मोजलं तर तो बहुधा ५० च्या वरच निघतो.

मेंदूच्या लहरी मोजून केलेल्या अभ्यासांत दिसतं ते असं. आयसीयूतले रुग्ण चोवीस तासांत एकूण झोपतात ते ठीकठाक, पण जवळजवळ निम्मी झोप दिवसा लागते, आणि तीही तुकड्यातुकड्यांत. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप अगदीच कमी. गुंगीच्या औषधाखाली डोळे मिटलेले दिसतात ते वेगळं, ती झोप नव्हेच. शिवाय गंभीर जंतुसंसर्गात मेलाटोनिनची रोजची भरती-ओहोटीच बिघडलेली आढळते. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर जातीची औषधंही त्याचं स्रवणं कमी करतात.

आता तर्क सरळ दिसतो. रुग्णाची झोप बिघडलेली आहे, त्याचं मेलाटोनिन बिघडलेलं आहे, आणि त्याला डिलिरियम होतो आहे. मग बाहेरून मेलाटोनिन दिलं तर?

सुरुवातीचे निकाल डोळे दिपवणारे होते

कॅनडात २०११ साली वॉर्डात दाखल झालेल्या १४५ वृद्धांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना रोज रात्री अर्धा मिलिग्रॅम मेलाटोनिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. या दुसऱ्या गोळीला प्लासिबो म्हणतात. प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना डिलिरियम झाला, मेलाटोनिन घेणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना. जपानमध्ये २०१४ साली मेलाटोनिनसारखंच काम करणारं रामेल्टिऑन नावाचं औषध आयसीयू आणि वॉर्डातल्या ६७ वृद्धांवर तपासलं गेलं. औषध घेतलेल्या ३३ जणांपैकी फक्त एकाला डिलिरियम झाला, प्लासिबो घेतलेल्या ३४ पैकी ११ जणांना.

असे आकडे पाहून कुणालाही वाटेल की आता थांबायचं कशाला? पण त्याच २०१४ साली नेदरलँड्सहून वेगळी बातमी आली. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशनसाठी आलेल्या ३७८ वृद्धांत ३ मिलिग्रॅम मेलाटोनिनने काहीही फरक पडला नाही. मेलाटोनिनच्या गटात २९.६ टक्के, प्लासिबोच्या गटात २५.५ टक्के, आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला.

छोट्या प्रयोगांची अडचण अशी की त्यात पाच-सहा माणसं इकडची तिकडे झाली तरी चित्र पालटतं. त्यातून ज्या प्रयोगात चमकदार निकाल येतो तो झटकन छापला जातो, निराशाजनक निकाल फायलीत पडून राहतो. त्यामुळे छापलेले छोटे प्रयोग एकत्र करून सरासरी काढली तरी ती सरासरी गोड बाजूला झुकलेली असू शकते. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. पण म्हणूनच एक मोठा, नीट आखलेला प्रयोग हवा होता.

मोठा प्रयोग काय सांगतो

तो ऑस्ट्रेलियात झाला. नाव प्रो-मेडिक, निकाल प्रसिद्ध झाला २०२२ मध्ये. १२ आयसीयूंमधले ८५० रुग्ण त्यात घेतले होते. रोज रात्री ९ वाजता ४ मिलिग्रॅम मेलाटोनिन किंवा प्लासिबो, जास्तीत जास्त १४ रात्री किंवा आयसीयूतून बाहेर पडेपर्यंत. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नव्हतं, डॉक्टर-नर्सनाही नव्हतं. डिलिरियमची तपासणी दिवसातून दोनदा.

मेलाटोनिनच्या गटात सरासरी ७९.२ टक्के तपासण्यांत डिलिरियम आढळला नाही. प्लासिबोच्या गटात हाच आकडा ८० टक्के. म्हणजे काडीचाही फरक नाही. डिलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत, तीव्रता कमी झाली नाही, आयसीयूतला मुक्काम घटला नाही, मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही.

मला यातला सर्वांत बोलका आकडा झोपेचा वाटतो. मेलाटोनिन घेतलेले रुग्ण जास्त झोपलेही नाहीत आणि चांगलेही झोपले नाहीत. ‘मेलाटोनिनने झोप, झोपेने भान’ या तर्कातला पहिलाच दुवा जुळला नाही. घंटा वाजली, दारं बंदच होती. अलार्म, सुया, दिवे, कफ ओढणं हे सगळं जसंच्या तसं चालू असताना रक्तात रात्रीचा निरोप पोचवून काय होणार? झोपमोड आणि डिलिरियम यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हेही पक्कं ठाऊक नाही. विस्कटलेला मेंदू नीट झोपूच शकत नाही, असंही घडत असेल. तसं असेल तर झोप सुधारून डिलिरियम टळेल ही अपेक्षाच उलट्या टोकाने धरलेली होती.

‘डोस कमी पडला असेल’

हा आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. पण शरीर एका रात्रीत जेवढं मेलाटोनिन बनवतं ते एक मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाइतकं असतं. गोळीतला बराचसा भाग लिव्हरमध्येच खर्ची पडतो हे धरलं, तरी ४ मिलिग्रॅमने रक्तातली पातळी नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर जाते. त्याहून जास्त दिलं तर? ब्रिटनमध्ये २००८ साली आयसीयूतल्या २४ रुग्णांवर १० मिलिग्रॅमचा डोस तपासला गेला. संशोधकांनी शेवटी सुचवलं की यापुढे १-२ मिलिग्रॅमच वापरावं. गंभीर आजारात औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं, आणि सकाळ झाली तरी रक्त ‘रात्र आहे’ म्हणत राहिलं तर घड्याळ सुधारण्याऐवजी आणखी चुकतं. इथे जास्त म्हणजे चांगलं हा हिशेब लागू पडत नाही.

एखाद्या ठरावीक गटाला, समजा आधीपासून झोपेची लय बिघडलेल्या वृद्धांना, उपयोग होत असेल का? होऊ शकेल. तसं दाखवणारा मोठा पुरावा समोर आला तर मत बदलायलाच हवं. आज तो नाही.

‘अपाय नाही ना, मग देऊन टाकावं’

प्रो-मेडिकमध्ये मेलाटोनिनमुळे गंभीर अपाय झाल्याची नोंद नाही, हे खरं. त्यामुळे डॉक्टरांनी ते लिहिलं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. घरच्यांनी स्वतःच्या पर्समधून गोळी काढून देणं मात्र वेगळं, आणि ते कधीही करू नये. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक किंवा फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध चालू असेल, तर मेलाटोनिन शरीरातून बाहेर पडण्याची वाटच अडते आणि रक्तातली पातळी भलतीच चढते.

दुसरी अडचण गोळीच्या शुद्धतेची. काही देशांत मेलाटोनिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, अमेरिकेसारख्या देशांत ते पूरक आहार म्हणून मोकळं विकलं जातं. कॅनडात २०१७ साली अशी ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा काहींत वेष्टणावर लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर काहींत ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. आठ उत्पादनांत तर सेरोटोनिन हे भलतंच रसायन सापडलं. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या २५ चघळायच्या गोळ्या तपासल्या, त्यातल्या २२ वरचं लेबल चुकीचं होतं. तब्येतीने धडधाकट माणूस हे सोसून नेईल. व्हेंटिलेटरवरच्या माणसावर असला प्रयोग नको.

आणखी एक अपाय आहे, तो कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. केस पेपरवर मेलाटोनिन लिहिलं की डिलिरियम टाळायचं काम झालं असं सगळ्यांना वाटतं. दिवे चालूच राहतात, चष्मा पिशवीतच राहतो.

‘मग नव्या शिफारशीत मेलाटोनिन कसं?’

अतिदक्षता तज्ज्ञांची सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन ही संस्था वेदना, गुंगी, डिलिरियम आणि झोप याबद्दल मार्गदर्शक सूचना काढते. २०१८ च्या सूचनांत मेलाटोनिनच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच शिफारस नव्हती. २०२५ च्या सुधारित सूचनांत मात्र ते न देण्यापेक्षा द्यावं, असं म्हटलं आहे. बातम्यांत हे वाचून गोंधळ उडणं साहजिक आहे.

शिफारशीची भाषा नीट वाचावी लागते. ती सशर्त शिफारस आहे, म्हणजे सगळ्यांना सरसकट द्या असा आदेश नव्हे, आणि तिच्यामागचा पुरावा कमी खात्रीचा आहे असं तिथेच म्हटलंय. ती मांडलीय झोपेच्या प्रकरणात. सगळे छोटे-मोठे प्रयोग एकत्र केल्यावर थोडा फायदा दिसतो, अपाय जवळपास नाही, मग तराजू देण्याकडे झुकतो, एवढाच त्याचा अर्थ. मेलाटोनिनने डिलिरियम टळतो असं सिद्ध झाल्याची ती पावती नाही. माझा स्वतःचा कल प्रो-मेडिककडे आहे, कारण छोट्या प्रयोगांच्या बेरजेपेक्षा एका मोठ्या, स्वच्छ प्रयोगावर जास्त विसंबता येतं. पण डॉक्टरांनी झोपेसाठी म्हणून ते दिलं तर ते चूक करताहेत असं मुळीच नाही.

मग उपयोग होतो तरी कशाचा?

इतर गोळ्यांचीही गत फार वेगळी नाही. हॅलोपेरिडॉल हे भ्रमावरचं जुनं औषध. ते आधीच देऊन डिलिरियम टाळता येतो का, हे नेदरलँड्समध्ये १७८९ रुग्णांवर तपासलं, २०१८ मध्ये उत्तर नाही असं आलं. झालेला डिलिरियम त्याने लवकर जातो का, हे त्याच वर्षी अमेरिकेत ५६६ रुग्णांवर तपासलं, तिथेही नाही. रुग्ण स्वतःला इजा करून घेत असेल तेव्हा ते तात्पुरतं लागू शकतं, ती वेगळी गरज.

गोळ्यांबाहेरचे सगळे उपाय लागू पडतात असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दिवसा खोलीत भरपूर पांढरा उजेड ठेवण्याचा प्रयोग नेदरलँड्समध्ये ७३४ रुग्णांवर झाला, फरक पडला नाही. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत नातेवाइकांना दिवसाला १२ तासांपर्यंत भेटायची मुभा दिली, डिलिरियमचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. नातेवाइकांची स्वतःची चिंता आणि नैराश्य मात्र कमी झालं, आणि माझ्या मते दारं उघडायला तेवढं कारणही पुरेसं आहे.

फरक दिसतो तो अनेक साध्या गोष्टी एकत्र आणि रोज केल्या तर. अमेरिकेत १९९९ साली वॉर्डातल्या ८५२ वृद्धांवर झालेल्या अभ्यासात दिवस-वेळेची आठवण करून देणं, चालवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावणं, पाणी पुरेसं देणं, रात्री न उठवणं असा एकत्रित क्रम पाळला. डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. तो अभ्यास आयसीयूतला नव्हता, पण २००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांवर झालेला दुसरा एक अभ्यास आयसीयूतलाच. रोज ठरावीक वेळ गुंगी थांबवून, नळी घशात असतानाच रुग्णाला बसवायला, हातपाय हलवायला, उभं करायला सुरुवात केली. डिलिरियम चार दिवसांऐवजी दोन दिवस टिकला.

आणि गुंगी. लोराझेपाम, मिडाझोलाम अशी बेन्झोडायझेपिन जातीची औषधं डिलिरियमचा धोका वाढवतात, म्हणून शक्य तिथे ती टाळणं, लागलीच तर कमीत कमी देणं, आणि आधी वेदना शमवणं. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला झोपवून टाकलं तर वेदना तशीच राहते, तो फक्त सांगू शकत नाही.

घरच्यांच्या हातात काय आहे

बरंच काही. दाखल करतानाच डॉक्टरांना खरं ते सांगा: दारू किती आणि शेवटची कधी, झोपेची गोळी रोज घेत होते का, विसरभोळेपणा आधी होता का. लाजेखातर लपवलेली दारू आयसीयूत तिसऱ्या दिवशी फार महागात पडते. चष्मा, कानाचं यंत्र त्याच्या बॅटरीसकट नर्सच्या हातात द्या. कवळी कधी बसवता येईल ते विचारा. समोर दिसेल असं घड्याळ लावता येईल का ते पाहा.

भेटायला गेलात की आधी नाव सांगा, मग वार, वेळ, जागा. ‘बाबा, मी आलोय. आज गुरुवार आहे, संध्याकाळचे पाच वाजलेत. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, ऑपरेशन झालंय, तुम्ही सुरक्षित आहात.’ दहा मिनिटांनी पुन्हा सांगावं लागलं तर पुन्हा सांगा, त्याच सुरात. भिंतीवर किडे आहेत म्हणाले तर ‘काहीतरीच काय’ म्हणून वाद घालू नका, आणि हो ला हो पण करू नका. ‘मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय, मी इथेच आहे’ एवढं पुरतं. एका वेळी एकानेच बोलावं. परीक्षा घेतल्यासारखं ‘ओळखलंत का मला?’ विचारणं टाळावं, उत्तर आलं नाही की दोघांनाही लागतं.

माणूस नेहमीसारखा वाटत नसेल, विशेषतः अचानक फार गप्प झाला असेल, तर ते लगेच बोलून दाखवा. आपला माणूस एरवी कसा असतो हे ड्युटीवरच्या डॉक्टरांना माहीत नसतं, तुम्हाला असतं. डॉक्टरांशी बोलायची संधी मिळाली तर मेलाटोनिन देताय का एवढंच विचारून थांबू नका. आज डिलिरियमची तपासणी झाली का आणि काय निघालं, गुंगीचं कोणतं औषध चालू आहे आणि ते कमी करता येईल का, आज खाटेवर बसवणार का, रात्रीच्या ज्या तपासण्या सकाळवर ढकलता येतात त्या ढकलल्या आहेत का, हेही विचारा.

आणि घरी आल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनी रुग्णाला आकडेमोड जमेना, नावं आठवेनात, आयसीयूतली भीतिदायक स्वप्नं पडत राहिली, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून गप्प बसू नका. पुढच्या तपासणीला जाताना ते कागदावर लिहून न्या, आणि आयसीयूत डिलिरियम झाला होता हे तिथल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. डिस्चार्ज कार्डावर तो बहुतेकदा लिहिलेला नसतो.